सनलेस सी : पहिल्या सफरीची तयारी

कृष्णेच्या पुराशी परिचय असलेल्या, परंतु समुद्रापासून दूर असलेल्या सांगलीत बसून ‘सनलेस सी’ हा जहाजाचा कप्तान होऊन अंधाऱ्या भूमिगत समुद्रात सफरी करण्याचा २०१५ चा व्हिडिओ गेम सुरू करणाऱ्याने शत्रूच्या तोफांपेक्षा इंधन आणि शिधा यांची अधिक धास्ती बाळगावी. पहिल्या फेऱ्या खेळातल्या लंडन या मुख्य बंदराच्या आसपासच ठेवाव्यात, प्रत्येक बंदराचा अहवाल नौदलाच्या कार्यालयात द्यावा आणि मिळालेल्या मोबदल्यावर पुढची सफर आखावी. जहाजाचा दिवा लावल्यास खलाशांची भीती सावकाश वाढते, मात्र इंधन जास्त जळते. म्हणून उजळलेल्या बोयांजवळून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांजवळून) जाताना तो विझवावा. (मी कंजूषपणाने सर्वत्रच विझवला आणि खलाशांनी बंड केले.) कप्तान मेलाच, तर त्याच्याकडून पुढच्या कप्तानाला काय मिळावे तो वारसा निवडून नव्याने निघावे, तेव्हा बऱ्याच बेटांच्या जागा बदललेल्या असतात.