सुपरहीट-सबकूलिंग मोजल्याशिवाय गॅस मारू नका राव

एसीत गॅस भरताना सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपाला, ७० पीएसआय प्रेशर आलं, पाइपाला घाम सुटला, झाला गॅस फुल. आर-२२ गॅसच्या मशीनवर निम्मे जण असंच करतात आणि मीपण कित्येक वर्षं तेच केलंय. पण गेज फक्त प्रेशर सांगतं, इनडोअरच्या कॉइलमधून लिक्विड पूर्ण उडून गेलंय की तसंच कॉम्प्रेसरकडे निघालंय ते नाही सांगत. ते कळतं सुपरहीटवरून, म्हणजे लिक्विड उडाल्यावर गॅस उकळण्याच्या टेंपरेचरच्या वर किती तापला. सबकूलिंग म्हणजे गॅसचं परत लिक्विड झाल्यावर ते त्या टेंपरेचरच्या खाली किती गार झालं.

आधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग क्लॅम्पवाला थर्मामीटर घ्या, ती लाल ठिपक्याची गन नको, चकचकीत तांब्यावर ती वाट्टेल ते दाखवते. पाइप पॉलिश पेपरने घासून क्लॅम्प लावा आणि वरून फोम गुंडाळा, नाहीतर बाहेरची हवा रीडिंग बिघडवते.

आता हिशोब. गेजवर प्रेशरच्या आत, त्या प्रेशरला गॅस उकळतो त्या टेंपरेचरचे गोल छापलेले असतात, आपल्या गॅसचाच बघा. आर-२२ ला ७० पीएसआय म्हणजे ५ डिग्री, कॉइलमधून निघणारा सक्शन पाइप १२ दाखवतोय, तर १२ वजा ५, सुपरहीट ७. सबकूलिंगला उलटी वजाबाकी, हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढे) २३६ पीएसआय म्हणजे ४५ डिग्री, कंडेन्सरमधून (आउटडोअरच्या कॉइलमधून) निघणारा लिक्विड पाइप ३९, म्हणजे ६. एक्सपान्शन वॉल्व्हच्या (कॉइलच्या आधी लिक्विडचं प्रेशर पाडणारा वॉल्व्ह) मशीनला हे आकडे ठीक, पण कंपनीने काही दिलं असेल तर तेच धरा.

सुपरहीट जास्त आणि सबकूलिंग कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर ड्रायर (लिक्विड पाइपातली गाळणी) किंवा वॉल्व्ह चोक, तिथे गॅस मारून काहीच होणार नाही. सुपरहीट कमी, सबकूलिंग जास्त, तर कुणीतरी आधीच जास्त भरलाय.

आपल्याकडच्या बऱ्याच स्प्लिटमधे कॅपिलरी (वॉल्व्हच्या जागी असलेली बारीक नळी) आउटडोअरमधेच असते, त्यामुळे इनडोअरला जाणारा बारीक पाइपपण गारच, त्यावर सबकूलिंग मोजलंत तर फसलात, क्लॅम्प कॅपिलरीच्या आधी लावायचा.

मे महिन्यात एका हॉलच्या डक्टेबलला (डक्टमधून हवा देणाऱ्या एसीला) सक्शन ५५ च्या वर येईना, हेल्पर म्हणतोय दादा गॅस टाकू, सिलिंडर जोडलापण त्याने. क्लॅम्प लावला तर सुपरहीट जेमतेम २! म्हणजे गॅस कमी नाही, कॉइलवर हवाच कमी. हवेचा फिल्टर ओढून काढला, धुळीचं घोंगडंच होतं. धुऊन लावला, सक्शन ६८, सुपरहीट ६. सिलिंडर तसाच गाडीत परत.