मॉनिटर मेला? आधी टॉर्च मारून बघा

मॉनिटर काळा पडला म्हणून लगेच भंगारात काढू नका. पॉवरचा दिवा लागतोय पण चित्र नाही? केबल दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा, जमल्यास लॅपटॉपला जोडून बघा. कित्येकदा दोष कॉम्प्युटरचा असतो, बदनाम होतो मॉनिटर.

तरी अंधारच असेल तर खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. पुसट आयकॉन दिसले, तर पॅनेल शाबूत आहे. फक्त मागचा उजेड गेलाय.

दिवाच लागत नसेल तर वीजपुरवठ्याकडे वळा. अडॅप्टर बाहेर असेल तर सोपं: मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) मोजा, लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा, गेला असेल तर बदला. पुरवठा आतच असेल तर संशय आधी कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागांवर. माझ्या जुन्या मॉनिटरमध्ये १००० मायक्रोफॅरड (साठवणक्षमतेचं माप), २५ व्होल्टचे दोन खराब निघाले. डोकी टम्म फुगलेली, एकाच्या माथ्यावर तपकिरी चिकटा. नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअस तापमान सोसणारेच मागा. पट्टीची बाजू निगेटिव्ह; उलटं लावलंत तर फुटेल.

एक मात्र ऐका. बोर्डवरचा सगळ्यात जाडजूड कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो. मल्टिमीटरने तो रिकामा झाल्याची खात्री होईपर्यंत बोर्डाला बोट लावायचं नाही. सोल्डरिंगची सवय नसेल तर झाकण न उघडता सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.