तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन: आधी आणि दरम्यान काय सांभाळायचं

सगळ्यात आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेला दात काढायचाच असेल तर आत्ताच काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे द्या. रेडिएशननंतर काढला तर जबड्याचं हाड सहजी भरून येत नाही.

किरणं देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मास्क बनवतात; त्यासाठी दाढी करून जा. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ केलेली जाळीदार शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. थंड झाली की ती घट्ट होते. पुढे वजन घटलं तर मास्क सैल पडतो आणि किरणांचा नेम चुकू शकतो. डोकं आत हलतंय असं वाटलं तर टेक्निशियनला त्याच दिवशी सांगा.

डोस साधारण रोज २ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक), आठवड्याला ५ दिवस, ६-७ आठवडे. असे हप्ते पाडणं १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये डॉक्टर आंरी कुतार यांनी रुजवलं: निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. मधे खाडे झाले तर कॅन्सरच्या पेशीही सावरतात, म्हणून घरच्या लग्नासाठीसुद्धा सुट्टी नको.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं. १ लिटर कोमट पाण्यात १ छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ; दर ३-४ तासांनी गुळण्या. अल्कोहोलचा माउथवॉश टाळा, तिखट बंद, तंबाखू कायमची बंद.