नवा कॅमेरा आणि सराफ्यातला दहीवडा

नवा कॅमेरा हातात आला की लगेच मेनू उघडून बसू नका. मी बसले होते, दोन रात्री त्यातच गेल्या आणि हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा एक जागा धरा, एक वस्तू धरा आणि तीच पुन्हा पुन्हा टिपा. आम्हा इंदूरकरांना जागा शोधावी लागत नाही. माझी जागा सराफा, वस्तू दहीवडा.

घरून निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. व्ह्यूफाइंडरशेजारी, म्हणजे डोळा लावून बघतो त्या खिडकीशेजारी, एक बारीकसं चाक असतं. ते फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसू द्या. चष्मा असेल तर हे विसरूच नका. नाहीतर फोटो चांगला येऊनही डोळ्याला धूसर दिसतो आणि आपण उगाच लेन्सला बोल लावतो.

आता वरची डायल ऑटोवरून काढून 'ए'वर आणा, कॅननवर 'एव्ही'. इथे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा बघतो. दिवस मावळायच्या आत राजवाड्यापुढे घरच्या कुणाला तरी उभं करा, झूम लेन्सवरच्या ५५ च्या आकड्यावर न्या आणि जवळून दोन फोटो घ्या: एक एफ ५.६ वर, एक एफ ११ वर. पहिल्यात मागच्या लाकडी मजल्यांच्या खिडक्या विरघळतात, दुसऱ्यात त्या बऱ्याच स्पष्ट होतात. आकडा वाढला की छिद्र लहान का होतं, हे मला आधी कळेना. पुरणपोळीचे वाटेकरी वाढले की तुकडा लहान होतो, तसंच हे. ५५ मिलिमीटरला ५.६ ने भागा, साधारण १० मिलिमीटरचं छिद्र. ११ ने भागा, ५ मिलिमीटरचं.

रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्यापुढेच खाण्याचे ठेले लागतात. दहीवड्याचा द्रोण घ्या आणि चौकट भरून नुसतं दही टिपा. दही राखाडी येईल. कॅमेरा बिघडलेला नाही. समोर जे काही आहे ते मध्यम उजेडाचं आहे असं तो गृहीत धरतो, म्हणून पांढरं दिसलं की प्रकाश कमी करतो. अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबा, +१ करा, पुन्हा टिपा. आता दही दह्यासारखं दिसतं. काळ्या कढईला याच्या उलट, −१. नवशिक्याने एकच बटण शिकायचं ठरवलं, तर मी हेच शिका म्हणेन.

तरीही दही पिवळट वाटलं तर दोष दिव्याचा. व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरं दाखवायच्या सोयीत, बल्बचं चिन्ह निवडा. प्रत्येक ठेल्याचे दिवे वेगळे, तेव्हा पुढच्या ठेल्यावर पुन्हा बघा.

सराफ्यात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात. तो क्षण पकडायचा तर डायल 'एस'वर, कॅननवर 'टीव्ही'; इथे शटरचा वेग तुम्ही ठरवता. आधी १/६० सेकंद ठेवून बघा: द्रोणाच्या जागी पांढरा फराटा येतो. मग १/५०० करा: द्रोण हवेत थांबतो, काठावरचं दहीसुद्धा दिसतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही; ते आपल्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. फोकसचा चौकोन एकच ठेवा, द्रोण हातात असतानाच बटण अर्धं दाबून फोकस धरा आणि उडाला की पूर्ण दाबा. मला नवव्या खेपेला जमलं.

शटर इतकं झटपट मिटलं की प्रकाश कमी पडतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा, वाढवावा लागतो. मी ६४०० वर नेला. थोडे दाणे आले, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

आणि इथेच माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या दिवशी भाच्याची मुंज होती. डायल परत 'ए'वर आणली, पण अंगणातल्या लख्ख उन्हात मी तोच ६४०० घेऊन फोटो काढत राहिले. शटरचा आकडा ४००० वर (म्हणजे १/४००० सेकंद) जाऊन लुकलुकत होता, म्हणजे कॅमेरा सांगत होता की आता याहून वेग वाढत नाही. मी तिकडे पाहिलंच नाही. भिक्षावळीचे सगळे फोटो पांढरेफट्ट आले, बटूचा चेहरासुद्धा ओळखू येईना. तो दिवस काही परत येणार नाही.

तेव्हापासून सराफ्यातून निघताना, हात पुसले की पिशवी बंद करण्याआधी मी तीन गोष्टी करते: आयएसओ ऑटोवर, व्हाइट बॅलन्स ऑटोवर, अधिक-उणे शून्यावर.