पोटाचा कॅन्सर, एआय आणि तो चिमटा

एन्डोस्कोपीवर एआयचं प्रोजेक्ट करायचंय, कुठून सुरू करू असं ज्युनियर सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. सीएनएन (फोटो ओळखणारं न्यूरल नेटवर्क), ट्रान्सफर लर्निंग (आधीच शिकलेलं मॉडेल आपल्या कामाला वापरणं) येतं असं धरतोय.

क्वासिर सगळेच डाउनलोड करतात. एन्डोस्कोपीच्या फोटोंचा नॉर्वेचा डेटासेट, चांगला आहे, पण त्यात जठराच्या कॅन्सरचा क्लासच नाहीये, हे मला दोन आठवडे घालवल्यावर कळलं. एकाच पेशंटच्या फ्रेम्स ट्रेन-टेस्ट दोन्हीकडे टाकायच्या नाहीत हे माहीतच असेल.

आता मी जिथे आपटलो ते. एका हॉस्पिटलचा डेटा मिळाला आणि मॉडेल पहिल्याच फटक्यात इतकं भारी चाललं की पेढे वाटायचेच बाकी होते. ग्रॅड-कॅम (मॉडेल फोटोत नेमकं कुठे बघतंय ते रंगाने दाखवणारी पद्धत) लावलं, कॅन्सरच्या फोटोवर लाल डाग अगदी नेमका. तो एन्डोस्कोपीच्या टेक्निशियन ताईंना कौतुकाने दाखवला तर म्हणाल्या, "अहो, हा तर बायोप्सीचा चिमटा आहे."

झालं काय होतं, डॉक्टरांना शंका आली की ते एनबीआयचं (ठरावीक निळ्या-हिरव्या प्रकाशात बघायच्या मोडचं) बटण दाबतात, रंग बदलतो, मग स्कोप जवळ नेतात, चिमटा घालतात आणि धडाधड फोटो काढतात. नॉर्मल पेशंटचे साधे चार-सहा फोटो, विषय संपला. म्हणजे माझं मॉडेल डॉक्टरांचा संशय ओळखायला शिकलं होतं! आणि आपल्याला पकडायचाय तो नजरेतून सुटणारा, किंचित खोलगट, गॅस्ट्रायटिससारखा (म्हणजे जठराला आलेल्या साध्या सुजेसारखा) दिसणारा डाग. एनबीआय आणि चिमट्याच्या फ्रेम्स काढून परत ट्रेन केलं तर आकडा असा कोसळला की गाईडना सांगायला चार दिवस लागले. (ॲक्युरसी किती एवढंच विचारणारा गाईड असेल तर हे तुम्हालाच शोधायचंय, तो शोधणार नाही.)

पण घाबरून विषय सोडू नका. जपानच्या हिरासावांच्या टीमने 2018 मध्ये 13,584 फोटोंवर ट्रेन करून टेस्टमधल्या 77 पैकी 71 कॅन्सर पकडले, 2,296 फोटो 47 सेकंदांत. तरी मॉडेलने कॅन्सर म्हणून जिथे जिथे बोट ठेवलं त्यातलं 30.6 टक्केच खरं निघालं, बाकीच्यात गॅस्ट्रायटिस भरपूर, आणि सुटलेले सहाही तसेच फसवे. त्यांचं हे, तर आपलं काय!

फोटो नको, पूर्ण व्हिडिओ मागा, डॉक्टर थबकायच्या आधीच्या साध्या प्रकाशातल्या फ्रेम्स त्यातच मिळतात. नाहीच दिला तर निदान एक सकाळ एन्डोस्कोपी रूममध्ये उभं राहून या. पेशंट उपाशी असतो, तुम्ही मात्र नाश्ता करून जा, मला चक्कर आली होती.