जुन्या गेमसाठी जुना पीसी जुळवताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक बाजारात जाण्याआधीच होते. कोणत्या वर्षांचे गेम खेळायचे ते ठरवलेलं नसतं आणि हाताला लागेल तो सगळ्यात वेगवान पीसी उचलला जातो. १९९२ चा डॉस (विंडोजआधीची प्रणाली) गेम पेंटियम ४ वर टाकलात तर एक तर पात्रं पिसाटासारखी पळतात, नाही तर आवाजच येत नाही. पेंटियम ४ च्या मदरबोर्डांवर आयसा (जुन्या कार्डांचा) स्लॉट सहसा नसतो, मग साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड लावणार कुठे? टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले काही प्रोग्राम तर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ‘रनटाइम एरर २००’ दाखवून सुरू होतानाच आटोपतात.

१९९६ ते २००० च्या गेमसाठी आमचं मत पक्कं आहे: इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पेंटियम ३ आणि विंडोज ९८ सेकंड एडिशन. एजीपी (ग्राफिक कार्डाचा स्लॉट) आणि आयसा, दोन्ही एकाच बोर्डावर मिळतात.

रॅमच्या बाबतीत हावरटपणा नको. ५१२ एमबीच्या वर गेलं की विंडोज ९८ ची डिस्क कॅशे (डिस्कवरची माहिती रॅममध्ये धरून ठेवणारी सोय) गोंधळते आणि एवढी रॅम असूनही ‘मेमरी अपुरी’ म्हणते. २५६ एमबी भरपूर झाली. मात्र स्टिक घेताना चिपा मोजा. २५६ एमबीच्या स्टिकवर आठच चिपा असतील तर बीएक्स बोर्ड ती १२८ एमबी दाखवतो. सोळा चिपांची मागा. हार्ड डिस्क १३७ जीबीच्या आतली हवी, आणि त्या काळातले काही बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तर ३२ जीबीच्या पुढची डिस्क लावली की तिथेच अडकतात. १६ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टरवर लावलं की हा प्रश्न मिटतो, शिवाय जुन्या डिस्कची घरघरही जाते.

एजीपी म्हणजे सगळं एकच, हा समज बोर्ड जाळतो. वूडू ३ सारखी ग्राफिक कार्डं ३.३ व्होल्टची, तर इंटेल ८४५ चिपसेटचे बोर्ड फक्त १.५ व्होल्टचे. खाच जुळली नाही तर कार्ड बसत नाही, तिथपर्यंत ठीक. पण काही स्वस्त कार्डांना दोन्ही खाचा पाडलेल्या असतात आणि आतून ती ३.३ चीच असतात. मॉडेल नंबर तपासल्याशिवाय लावू नका.

एसएमपीएसवरचे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे) वॉट वाचून कोणी फसू नये. एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरचे सॉकेट ए खोबणीवाले कित्येक बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. आजच्या एसएमपीएसचा सगळा जोर १२ व्होल्टवर. लेबलवर +५ व्होल्टसमोर २५ ते ३० अँपिअर दिसायला हवेत, नाहीतर गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो. मागे लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना ते पिन लावण्याआधी बघा. ११५ वर राहिला तर धडाका ऐकू येईल.

आता किनाऱ्याचं दुखणं. मालवण, गुहागर, दापोली, कुठेही समुद्राजवळ माळ्यावर पडलेल्या बोर्डावर मिठाचा बारीक थर असतो, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत असा बोर्ड उचलून थेट चालू करणं म्हणजे दोन पिनांमध्ये ओल असताना वीज सोडणं. आधी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन स्लॉट, चिपांचे पाय, कनेक्टर पुसा. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी जास्त. रॅम आणि कार्डांचे सोनेरी काठ साध्या खोडरबरने घासा; पॉलिश पेपर लावलात तर मुलामाच निघेल. मग दिवसभर कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा. वरच्या बाजूला फुगलेला कपॅसिटर दिसला तर तो बदलल्याशिवाय वीज देऊ नका. ३८६-४८६ च्या बोर्डावर पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर ती आधी काढा, गळती सुरू झाली की तांब्याच्या रेषा खाते.

चिपळूणच्या बाजूचा सेकंडहँड माल असेल तर २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. बाहेरून पुसलेलं कॅबिनेट लख्ख दिसतं. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारा, पंख्याच्या पात्यांमागे आणि स्लॉटच्या तळाशी मातीची पुटं दिसली तर सोडून द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेत असाल तर दुकानातच बायोसपर्यंत चालवून दाखवायला सांगा.

पावसाळ्यात बंद ठेवायचा असेल तर पार्ट सिलिका जेल घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा. तांदूळ नको, त्याची पूड स्लॉटमध्ये बसते. वळवाचे ढग गडगडायला लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिनच काढा.

एवढं करूनही स्क्रीन काळीच राहिली तर प्रोसेसर, एक रॅम आणि ग्राफिक कार्ड सोडून बाकी सगळं काढा आणि छोटा स्पीकर जोडून ऐका. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन छोटे बीप आले तर ग्राफिक कार्ड पुन्हा बसवा. आवाजच नसेल तर एसएमपीएसच्या पाच व्होल्टच्या लाल वायरवर मल्टिमीटर लावा: ४.७५ च्या खाली आकडा म्हणजे बोर्डावर संशय घेण्याआधी एसएमपीएस बदला.