मुतखड्याच्या ऑपरेशनआधीची गोळी कामून अन् कशी घ्यायची

दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख भेटली की बरेच डॉक्टर आठवडाभर आधीपासून टॅमसुलोसिन 0.4 नाहीतर सिलोडोसिन 8 सुरू करतेत, अन् घरी कोणीतरी म्हणतंच की ही तर म्हाताऱ्याच्या प्रोस्टेटची गोळी, बाईमाणसाला कामून दिली? गोळी तीच, काम वेगळं.

खडा यानं विरघळत नाही. किडनीतून पिशवीत येणारी लघवीची नळी आतून जेमतेम 3-4 मिलीमीटर, अन् आरआयआरएसला (लघवीच्या वाटेनं दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन खडा फोडायचं ऑपरेशन) तिच्यातून जो शीथ (दुर्बीण जायची पोकळ नळी) वर सरकवतेत तो बाहेरून 4 मिलीमीटर, कधी साडेचारच्याही वर. ठिबकच्या कडक नळीत जॉइनर दाबला तर बसत नाही, गरम पाण्यात बुडवली की सटकन बसतो ना, तसंच, गोळीनं नळीचे स्नायू सैल पडतेत. तरी सगळ्यांचीच नळी सैल होईल असं नाही. नाही झाली तर जबरदस्ती करून फाडण्यापेक्षा डॉक्टर डीजे स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक मऊ नळी) टाकून परत पाठवतेत अन् एक-दोन आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा गाडीभाडं. म्हणून दुखणं थांबलं तरी गोळी सोडू नका.

रात्री जेवल्यावर, रोज एकाच टायमाला, कॅप्सूल चावायची नाही. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही, जास्त दिवस राहिली तर डॉक्टरला फोन लावा.

चक्कर मात्र खरंच येते. आमचे मामा रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला ताडकन उठले अन् तिथंच बाजेला धरून खाली बसले, विहिरीच्या काठावर असते तर? आधी दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं, अन् आठवडाभर मोटर दुसऱ्याला चालू करू द्या. बीपीची किंवा सिल्डेनाफिलची (व्हायग्रासारखी) गोळी चालू असंल तर लाजू नका, आधीच सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असंल तर डोळ्याच्या डॉक्टरलाही सांगायचं.

गड्यांना एक सांगतो, कारण हे कोणी बोलत नाही: वीर्य कमी येतंय किंवा येतच नाही, सिलोडोसिननं जास्त. कमजोरी नाही ती, गोळी बंद केली की पहिल्यासारखं होतं.

शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, किडनी कमजोर असंल तर सिलोडोसिनचा डोस बदलतो, लई कमजोर असंल तर देतच नाहीत. थंडी वाजून ताप आला तर तारखेची वाट न बघता तवाच दवाखाना गाठा, अन् जाताना गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवा.